सायकल बिघडली नव्हती

मी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही. नोकरीची सवय. जळगावातल्या एका धर्मादाय क्षयरोग दवाखान्यात मी बत्तीस वर्षं सुया टोचल्या, आणि सुई कुठे टोचतात हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. अजूनही भाजीबाजारात कुणी समोर उभं राहून विचारतं, "सिस्टर, ओळखलं का?" मी हसून वेळ मारून नेते. मनात म्हणते, बाबा रे, जरा पाठमोरा हो, लगेच नाव सांगते. नातीला हे वाक्य वाचून दाखवलं तर म्हणाली, "आजी, एवढं छापायला देऊ नकोस." म्हणून सगळ्यात वर घातलं.

या लेखात दोन बायका आहेत. एक मी, वय चौऱ्याहत्तर, गुडघे खराब, जीभ शाबूत. दुसरी चोवीस वर्षांची नर्स. धुळ्याची मुलगी, धुळ्यातच शिकलेली, परीक्षेत पहिली आलेली, लग्न होऊन जळगावला आलेली. पांढऱ्या साडीला इतकी कांजी घालायची की ती बसली की साडी थोड्या वेळाने बसायची. माहेरी सगळे अहिराणी बोलणारे, पण ही दवाखान्यात पुस्तकातली मराठी बोलायची. कुणी म्हातारं माणूस "काय व्हयनं व माय?" म्हणालं की ही उत्तर द्यायची, "आपणांस खोकला केव्हापासून आहे?" ही बाई मला फारशी आवडत नाही. पण ती म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची मीच, आणि जे घडलं ते तिच्या हातून घडलं, त्यामुळे तिला टाळता येत नाही.

आमच्या औषधाचं नाव स्ट्रेप्टोमायसिन. आता टीबीला ते जवळजवळ देतच नाहीत, पण सत्तरच्या दशकात आमचा सगळा कारभार त्याच्यावर होता. पेनिसिलिनचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण पेनिसिलिनपुढे टीबीचा जंतू ढिम्म हलत नाही. तो हलला स्ट्रेप्टोमायसिनने. चाळीसच्या दशकात अमेरिकेतले संशोधक गावोगावची माती तपासत बसले होते. त्यांचा विचार साधा होता. मातीत कोट्यवधी जंतू राहतात, जागेवरून भांडतात, एकमेकांना मारायला काहीबाही सोडतात. ते काहीबाही आपल्या कामाचं निघालं तर? तसं निघालं. शेणखत घातलेल्या शेताच्या मातीत एक जंतू सापडला. त्याच जातीचा आणखी एक सापडला तो एका कोंबडीच्या घशात. त्यांनी सोडलेल्या रसापुढे टीबीचा जंतू टिकेना. मग तो रस मोठाल्या टाक्यांत तयार करायचा, गाळायचा, वाळवायचा, असं करत करत ते आमच्यापर्यंत पोचलं, पांढऱ्या पावडरीची छोटी बाटली होऊन.

सकाळी आठला मी सुया आणि काचेच्या सिरिंजा उकळायला ठेवायची. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर सोडायचं आणि ती दोन तळहातांत रवीसारखी फिरवायची, म्हणजे पावडर विरघळते. हलवली तर फेस येतो. मग सुई खोल, स्नायूत. दुखते. रोज एक, निदान दोन महिने, कुणाकुणाला तीन. शिवाय गोळ्या, त्या वर्ष-दीड वर्ष. नुसती सुई दिली तर जंतू काही महिन्यांत तिला सरावतो, म्हणून दोन्ही बाजूंनी घेरायचं. पेशंटला महिन्याभरात बरं वाटायला लागतं आणि तिथेच घोटाळा होतो. बरं वाटलं की माणूस येईनासा होतो. पाचोऱ्याचा माणूस पाचोऱ्याला राहतो, पहूरचा पहूरला, आणि सहा महिन्यांनी दोघेही पुन्हा खोकत येतात, तेव्हा औषध लागू पडत नाही. म्हणून नर्सचं खरं काम टोचणं नव्हतंच. न येणाऱ्याला शोधून काढणं हे खरं काम. त्या चोवीस वर्षांच्या बाईला हे फार आवडायचं. तिच्याकडे एक लेडीज सायकल होती आणि मुळातच दुसऱ्याच्या दारात जाऊन बोलायची हौस होती.

औषधाने मलाही सोडलं नाही. रोज हाताळून हातांना खाज सुटायची, पापण्या सुजायच्या. पुष्कळ नर्सना व्हायचं ते. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, लोकांना वाटेल सून घरात रडते. काळा चष्मा लाव." मी खरंच लावला. सुईच्या खोलीत पांढरी साडी आणि काळा चष्मा. बाकावरच्या पेशंटांनी माझं नाव हिरोईन पाडलं आणि मला ते कौतुक वाटलं. दोन वर्षांनी कळलं की त्या काळातल्या एका सिनेमातल्या आंधळ्या बाईवरून ते पाडलं होतं.

तर एके दिवशी हिरोईनला वाटलं, पेशंटांना शिक्षण द्यावं. बाकावर पंधरा-वीस माणसं बसलेली. मी औषधाच्या शोधाची गोष्ट सांगितली, अगदी रंगवून. माती, शेणखत, आणि शेवटी आवाज चढवून कोंबडीचा घसा. लोक खूश झाले. फक्त खिडकीजवळ बसलेल्या एक काकीजी उठून गेल्या. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानचं, जैन, बाजारात कापडाचं मोठं दुकान. त्या पदर नाकापर्यंत ओढून मागच्या दाराने यायच्या. दुसऱ्या दिवशी काकीजी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

मी सायकल काढली आणि सरळ दुकानात गेले. भर गिऱ्हाइकांत विचारलं, "काकीजी दोन दिवस सुईला का आल्या नाहीत?" त्यांच्या सुनेने मला दंडाला धरलं आणि लुगड्यांच्या गठ्ठ्यांमागून आतल्या खोलीत ओढलं. काकीजी पलंगावर बसल्या होत्या.

"सिस्टर, आम्ही कांदा खात नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही आम्हाला कोंबडी टोचली?"

मी समजावलं. औषध आता कारखान्यात टाक्यांत होतं, कोंबडीचा संबंध नाही, पहिला जंतू तर मातीतलाच होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "औषध म्हणून घेईन मी. मरायचं नाही मला. पण दोन गोष्टी ऐका. कोंबडीची कथा पुन्हा सांगू नका, तुमची निम्मी माणसं पळतील. आणि दुकानात तुम्ही अजून एक शब्द बोलला असता ना, टीबी, तर उद्या या दुकानातलं सूतसुद्धा कुणी घेतलं नसतं. खोकला मला आहे, कापडाला नाही. पण लोकांना ते कोण सांगणार?"

काकीजी पुऱ्या बऱ्या झाल्या, पुढे खूप वर्षं जगल्या. लग्नकार्यात भेटल्या तर मला ओळख द्यायच्या नाहीत, आणि मी त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, असं आमचं न बोलता ठरलेलं होतं. त्यांचा धडा मी मात्र अर्धाच शिकले. टीबी हा शब्द दवाखान्याबाहेर तोंडातून काढायचा नाही, एवढंच. दुसऱ्याच्या दारात जाऊन, चार माणसांत, दुसरं काहीच बोलायचं नाही, हे काही डोक्यात शिरलं नाही.

आता झिपरू भाऊ. नाव बदललं आहे. तो आता हयात नाही, त्याची बायकोही नाही, मुलं लांब शहरात आहेत. तरीही बदललं.

झिपरू भाऊ जळगावाला लागूनच असलेल्या मेहरूणचा दूधवाला. मूळचा धुळ्याकडचा, म्हणून बोलणं चोख अहिराणी. तलावाच्या बाजूला गोठा, चार म्हशी, आणि एक सायकल, जिच्या दोन बाजूंना दुधाचे कॅन लटकवून तो उजाडायच्या आत गावात निघायचा. वय पस्तिशीचं. छातीच्या एक्स-रे फोटोत फुप्फुसात मोठी पोकळी निघाली, म्हणून डॉक्टरांनी तीन महिने रोज सुई लिहिली. मेहरूणात त्याने सांगितलं होतं, कंबरेची सुई घेतो. खरं फक्त त्याच्या बायकोला, इंदूबाईला, माहीत होतं. माणूस शिस्तीचा. दूध वाटून झालं की रिकामे कॅन खडखडवत नऊ वाजता दारात हजर. महिन्यात खोकला थांबला, अंगावर मांस आलं. माझा आदर्श पेशंट. नवीन कुणी कुरकुर केली की मी त्याच्याकडे बोट दाखवायची.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात एकदा सुई घेऊन उठता उठता तो म्हणाला, "सिस्टरबाई, मन्ही सायकल बिघडी गयी. सरळ चालतच नही."

मी सिरिंज धूत होते. म्हटलं, "मग दुकानात दाखवा."

दोन दिवसांनी म्हणाला, दाखवली, दुकानवाल्याने चाक वाकडं फिरतं म्हणून त्याचा आऊट काढून दिला, तरी तशीच. मग छर्रे बदलले. मग पुढचा चिमटा वाकडा असेल म्हणून तो ठोकून घेतला. दुकानवाला म्हणतो सायकलीला काही झालेलं नाही, आणि हा म्हणतो तुला काम येत नाही. रोज एक हप्ता. बाकावरची माणसं वाट बघायची, आज सायकलीचं काय झालं. कुणी म्हणे टायर बदल, कुणी म्हणे लिंबू बांध. "आंधारामा जास्त डुलस," झिपरू भाऊ सांगायचा, "उजाडनं का जराशी बरी चालस." त्यावर सगळे हसायचे. अंधारात डुलणारी आणि उजेडात सुधारणारी सायकल. सगळ्यात मोठ्याने कोण हसायचं ते मी सांगत नाही. तिने काळा चष्मा घातलेला होता.

आता एक गोष्ट लिहिते, ती मला लिहायला बरी वाटत नाही. नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेत प्रश्न होता, स्ट्रेप्टोमायसिनचे दुष्परिणाम लिहा. मी लिहिलं होतं, हे औषध कानाकडे जाणाऱ्या आठव्या नसेला बाधतं, कानात आवाज येतात, ऐकू कमी येतं, आणि मुख्य म्हणजे तोल जातो, विशेषतः अंधारात. पैकीच्या पैकी गुण. बाईंनी माझी उत्तरपत्रिका वर्गात वाचून दाखवली होती. हे काही नंतर कळलेलं ज्ञान नव्हतं. औषध सापडलं त्यानंतर पहिल्यांदा ज्या माणसांना ते दिलं, त्यांच्यातच हे दिसलं होतं. सगळं छापलेलं होतं आणि मला पाठ होतं. फक्त पुस्तकात लिहिलं होतं 'तोल जाणे', आणि झिपरू भाऊ म्हणत होता सायकल बिघडली. दोन्ही एकच आहे हे कळायला जेवढी अक्कल लागते तेवढी पहिल्या नंबरात बसत नसावी.

त्यानंतर झिपरू भाऊ दोन दिवस आला नाही.

माझ्या नोंदवहीत त्या महिन्यात एकही गैरहजेरी नव्हती. मला राग आला तो माणसाचा नव्हे, त्या दोन रिकाम्या चौकोनांचा. दुपारी सायकल काढून मेहरूणला गेले. तलावाच्या कडेने झिपरू भाऊ म्हशी घेऊन येत होता. एक हात म्हशीच्या पाठीवर टेकलेला, पावलं लांब लांब टाकत, बोटीत चालल्यासारखा. कपाळावर जखम. टीबीचे पेशंट औषध सोडतात त्याची जी कारणं मी तोवर पाहिली होती, त्यांत पहिल्या नंबरला दारू होती. मला दुसरा विचार सुचलाच नाही.

गोठ्यापाशी नळावर चार-पाच बायका होत्या, इंदूबाईही होती. मी सायकल स्टँडवर लावली.

"झिपरू भाऊ, दोन दिवस कुठे होतात?"

"कथा जासू, सिस्टरबाई? सायकलवरथून पडी गऊ. दूध बठ्ठं सांडी गयं."

"किती घेतली होती?"

"काय?"

"दारू."

नळ चालू होता. कुणीतरी बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"मी पेत नही," झिपरू भाऊ म्हणाला. "बठ्ठा मेहरूणले इचारा."

"मग हिच्यावरून चालून दाखवा." मी चपलेच्या टोकाने धुळीत एक रेघ ओढली. हे मी कुठे पाहिलं होतं मला आठवत नाही, पण तेव्हा मला फार हुशारीचं वाटलं. झिपरू भाऊने म्हशीवरचा हात काढला. पहिलं पाऊल रेघेवर पडलं. दुसरं बाजूला. तिसऱ्याला तो हात पसरून गोठ्याच्या खांबाला जाऊन अडकला.

"बघा," मी बायकांना म्हटलं. हातात जादूगाराची काठी तेवढी नव्हती.

इंदूबाई पुढे आली. सगळ्यांच्या देखत तिने नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. तिने मान हलवली, वास नव्हता. तेव्हा नळावरची एक म्हातारी म्हणाली, "वास कसा ई व? दूधवाला शे. वरथून दूध पी लेत व्हई." बायका हसल्या. मीही. इंदूबाई हसली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि घागर उचलून घरात गेली. झिपरू भाऊ खांबाला धरून उभा होता. मला म्हणाला, "सिस्टरबाई, तुमीन हाई चांगलं नही करं."

मी म्हटलं, "चला. सुई राहिली आहे."

तो आला. सायकल त्याची मोडलेली होती, म्हणून मी माझी हातात धरून चालत होते आणि तो मागचं कॅरिअर धरून. कॅरिअर हातात असलं की तो अगदी सरळ चालायचा. मी मनात म्हटलं, हं, मनात आणलं की येतं चालायला. हाताला आधार लागला की तोल गेलेला माणूस सावरतो, हेही माझ्या पुस्तकात होतं. पुढच्या पानावर.

त्यानंतर मी त्याला अकरा सुया दिल्या. हा आकडा मला पाठ आहे. तो रोज चालत यायचा, भिंतीच्या कडेने. सायकलीची गोष्ट त्याने सांगणं बंद केलं होतं, आणि बाकावरच्या माणसांना आता चुकल्यासारखं वाटायचं. गावात मात्र दुसरी गोष्ट फिरत होती, दूधवाला झिपरू पितो. ती माझ्या सासूबाईंपर्यंतसुद्धा आली. मी त्यांना म्हटलं, "हो, मीच पकडला."

अकराव्या सुईच्या दिवशी डॉक्टर तपासणीला बसले होते. आमचे डॉक्टर कमी बोलायचे. झिपरू भाऊ दारातून त्यांच्या टेबलापर्यंत आला, तेवढं त्यांनी मान वर करून पाहिलं. म्हणाले, "पाय जुळवून उभे राहा. आता डोळे मिटा."

झिपरू भाऊने डोळे मिटले आणि झाड पडावं तसा पडायला लागला. मी मागे होते, तो माझ्या अंगावर आला. माझा चष्मा खाली पडला.

"सिस्टर, यांना हे कधीपासून आहे?"

"सर, ते सायकल..." मी म्हणायला लागले. ती उत्तरपत्रिका आली डोळ्यांसमोर, माझ्या वळणदार अक्षरातली, ओळीखाली रेघ मारलेली. तोल जाणे, विशेषतः अंधारात.

डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी सुईच्या कागदावर आडवी रेघ मारली आणि झिपरू भाऊला समजावलं. कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते, ती या औषधाने बिघडली. सुई आजपासून बंद. गोळ्या दुसऱ्या देतो, पण दीड वर्ष एकही चुकवायची नाही, नाहीतर छातीतलं पुन्हा उभं राहील.

झिपरू भाऊने सगळं ऐकलं. मग पहिला प्रश्न विचारला, "म्हनजे सायकल चांगली शे?"

"सायकल उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला. महिनाभर त्या माणसाला वाटत होतं आपण वेडे झालो किंवा सायकल झपाटली. "मी म्हनतच व्हतू," तो म्हणाला, "दोन वरीस नही व्हयनात तिले." मग विचारलं, "तोल परत ई का?"

"थोडा येईल. डोळे आणि पाय शिकून घेतील. पण पहिल्यासारखा नाही. अंधारात जपायचं. सायकलीवर बसायचं नाही."

"दूध शे ना, साहेब."

"चालत वाटा," डॉक्टर म्हणाले. त्यांना तरी दुसरं काय म्हणता येणार होतं.

मी त्याच्या मागोमाग ओट्यावर गेले. मला वाटत होतं, आता मी मोठेपणा दाखवणार. चोवीस वर्षांच्या त्या बाईला माफी मागण्यातही पहिला नंबर हवा होता. मी म्हटलं, "झिपरू भाऊ, माझी चूक झाली. मी उद्या मेहरूणला येते. नळावर, सगळ्यांसमोर सांगते. तुम्ही जिथे जिथे दूध घालता तिथेही येते, दारोदार. सांगते, हा माणूस पीत नाही."

तो ओट्याच्या पायरीवर बसला होता, खांबाला टेकून. म्हणाला, "मंग डुलस कसाले, असं इचारतीन."

"सांगेन, औषधाने झालं."

"कसानं औषध?"

मला काकीजींचं दुकान आठवलं, लुगड्यांचे गठ्ठे, आतली खोली.

"दारूवालानं दूध लोक पेतस, सिस्टरबाई," झिपरू भाऊ म्हणाला. तो रागात नव्हता. हिशोब मांडून दाखवावा तसं सांगत होता. "टीबीवालानं कोन पी?"

"पण तुमच्या थुंकीत आता जंतू नाहीत. तुमच्यापासून कुणालाही काही होणार नाही."

"ते तुमले माहीत, डॉक्टरले माहीत. नळवरनी बायकाले माहीत शे का?" तो उठला, भिंतीला हात लावून. "ऱ्हाऊ द्या. दारूड्या म्हनतस ना, म्हनू द्या. फक्त इंदूले सांगा. ती बोलत नही मन्हासंगे."

मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. सगळ्यांसमोर चुकीची कबुली देणं मला जमलं असतं, त्यात एक रुबाब असतो. एका बाईसमोर, चुलीपुढे बसून, दार लावून सांगायचं, ते जमेना. चौथ्या दिवशी गेले. नळावरच्या बायकांनी विचारलं, "सुदारना का वं तो?" मी मान हलवली आणि आत गेले.

इंदूबाई भाकरी थापत होती. तिने बस म्हटलं नाही. मी बसले. पुस्तकातली मराठी तोंडात आली, ती मी तशीच गिळली. मग माझ्या माहेरच्या बोलीत, जी मी जळगावला आल्यापासून घराबाहेर बोलले नव्हते, तिला म्हटलं, "बहीन, तुन्हा नवरा पेत नही. हाई मन्ही सुईनं व्हयनं शे."

तिने भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. उलटवली. मग विचारलं, "मरनार नही ना तो?"

"नही. गोळ्या घी तं नही मरनार."

"मंग बठ्ठं ठीक शे," ती म्हणाली, आणि पहिली भाकरी ताटलीत घालून माझ्यापुढे सरकवली. मी ती खाल्ली. तोंडी लावायला काही नव्हतं, तिने दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

गोळ्या त्याने एकही चुकवली नाही. दीड वर्षाने फोटो स्वच्छ आला. झिपरू भाऊ पुढे कितीतरी वर्षं दूध घालत राहिला. सायकलीवर कधी बसला नाही. कॅन लटकवायचा आणि सायकल हातात धरून चालायचा, म्हणजे आधार होतो. त्यामुळे निघायला त्याला पहिल्यापेक्षा तासभर लवकर उठावं लागायचं, आणि लवकर म्हणजे जास्त अंधार. दारात सायकल लावून माप घ्यायला वळला की त्याचा झोक जायचा, तो क्षणभर चौकटीला धरायचा. सगळ्या गावाला माहीत होतं, सकाळी सकाळीच लावून येतो, पण दूध एक नंबर, पाणी नाही घालत.

आम्ही पुढे घर बदललं आणि योगायोगाने त्याच्या वाटेवर आलो. मी त्याच्याचकडे दूध लावलं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वहिनी पातेलं घेऊन माझ्याबरोबर दारात उभ्या होत्या. झिपरू भाऊ सायकल लावून वळला, झोक गेला, चौकट धरली.

वहिनी माझ्याकडे वळून, त्याला ऐकू जाईल अशा कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही तर त्याला दवाखान्यापासून ओळखता. हा खरंच पितो का हो?"

झिपरू भाऊने कॅनचं झाकण काढलं. त्याने वर पाहिलं नाही.

"हो ना," मी म्हटलं. "सोड म्हणून किती सांगितलं. ऐकतच नाही."

त्याने माझं माप भरलं, पातेल्यात ओतलं, आणि वर थोडं जास्तीचं घातलं.